बहावा लवकर फुलला, पण कशापेक्षा लवकर?

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

फेब्रुवारी सरत आला की वृत्तपत्रांतून एक छायाचित्र हमखास येतं. पिवळ्या घोसांनी लगडलेला बहावा, नाहीतर रस्त्यावर जांभळा सडा घातलेला नीलमोहर, आणि खाली ओळ: ‘वाढत्या तापमानामुळे झाड यंदा वेळेआधी फुललं.’ छायाचित्र सुंदर असतं, त्याबद्दल तक्रार नाही. त्या ओळीबद्दल मात्र बरंच सांगण्यासारखं आहे. पत्र लांबणार आहे, तेवढी जागा द्यावी ही विनंती.

वेळेआधी म्हणजे कोणत्या वेळेआधी? त्याच झाडाच्या मागच्या वीस वर्षांच्या तारखा कुणी लिहून ठेवल्या आहेत का? जपानमध्ये क्योटोच्या चेरीच्या बहराचे उल्लेख नवव्या शतकापासून दरबारी रोजनिशींत सापडतात. म्हणून २०२१ साली २६ मार्चला तिथे पूर्ण बहर आला, तेव्हा ‘बाराशे वर्षांतला सर्वांत लवकरचा’ असं ठासून म्हणता आलं. त्याआधीचा मान १४०९ सालच्या २७ मार्चकडे होता. इंग्लंडात नॉरफोकच्या रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ साली पालवी, फुलं आणि पाखरांच्या तारखा टिपायला सुरुवात केली आणि त्यांच्या घराण्याने ती वही १९५८ पर्यंत चालवली. युरोपातल्या २१ देशांमधल्या ५४२ वनस्पतींच्या १९७१ ते २००० या काळातल्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा पालवी, फुलोरा आणि फळधारणेच्या ७८ टक्के नोंदी अलीकडे सरकलेल्या दिसल्या. सरकण्याचा सरासरी वेग होता दशकाला अडीच दिवस.

हा अडीच दिवसांचा आकडा नीट पाहा. आपल्या पुण्याच्या टेकडीवरचा एकच बहावा एका वर्षी आणि दुसऱ्या वर्षी पंधरवड्याच्या फरकाने फुलू शकतो. या पंधरवड्याच्या हेलकाव्यातून दशकाला अडीच दिवसांची सरक शोधायची, तर एका वर्षाच्या फोटोवरून काय कळणार? पाच वर्षांच्या नोंदींवरूनही कळत नाही. हवामान खातंसुद्धा तापमानाची ‘सरासरी’ म्हणताना तीस वर्षं धरतं, सध्या १९९१ ते २०२०.

आपल्याकडे जुनं काहीच नाही असं मात्र नाही. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे माजी प्राचार्य थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचं सविस्तर वर्णन छापलं. त्यात ठिकठिकाणी फुलण्याचे महिने दिलेले आहेत. पुण्यातच भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे, आघारकर संस्था आहे. तिथल्या वनस्पतिसंग्रहातल्या वाळवलेल्या नमुन्यांवर गोळा केल्याची तारीख आणि ठिकाण असतं. हा ठेवा मोठा आहे, पण वापरताना त्याचे दोष माहीत हवेत. ‘फेब्रुवारी ते मार्च’ एवढ्या ढोबळ नोंदीतून दहा दिवसांची सरक दिसत नाही. नमुना गोळा करणारा माणूस झाड फुलल्यावर कधीतरी गेलेला असतो. त्याची तारीख म्हणजे बहराची सुरुवात नव्हे, मध्य नव्हे आणि शेवटही नव्हे. शिवाय तो रस्ता जाईल तिथे आणि सवड मिळेल तेव्हा गेलेला असतो. असे पन्नास-शंभर नमुने एकत्र आले तर काही बोलता येतं, चार-पाच नमुन्यांवर नाही.

जाता जाता एक. ‘पूर्वी पळस शिमग्याला फुलायचा, चैत्रात पालवी फुटायची’ ही आठवण खरी असली तरी नोंद म्हणून ती टिकत नाही. गुढीपाडवा २०२४ मध्ये ९ एप्रिलला होता, २०२५ मध्ये ३० मार्चला, तर २०२६ मध्ये १९ मार्चला. झाड जागचं हललं नाही तरी तिथी तीन आठवडे सरकली! चांद्रमास आणि अधिकमासाचं गणित झाडांना लागू नाही. ती सूर्यावर चालतात. त्या मानाने शेतकऱ्यांची पावसाची नक्षत्रं कामाची आहेत, कारण रोहिणी, मृग, आर्द्रा ही सौर गणितावर बसवलेली आहेत आणि मृग दरवर्षी जूनच्या ७-८ तारखेलाच लागतं.

मुख्य मुद्दा पुढचाच. तापमान वाढलं की झाड लवकर फुलतं, हा ठोकताळा युरोपातून आला आहे आणि तिथेही तो अर्धाच खरा आहे. तिकडच्या बर्च, ओक, बीचसारख्या झाडांना आधी ठराविक थंडी भोगावी लागते. ती पुरी झाल्यावर ठराविक ऊब साठावी लागते, आणि बीचसारखी काही झाडं त्याउपर दिवस पुरेसा मोठा झाल्याची खात्री करून घेतात. वसंत तापला की ऊब लवकर साठते आणि पालवी लवकर येते, हे बरोबर. पण हिवाळाच तापला तर थंडीचा कोटा पुरा व्हायला वेळ लागतो आणि कळी जागी होत नाही. म्हणूनच मध्य युरोपात १९८० ते १९९४ या काळात एक अंश वाढीला पालवी चार दिवस अलीकडे यायची, ती १९९९ ते २०१३ या काळात जेमतेम २.३ दिवस येऊ लागली. आपल्या देशात हे हिमाचलच्या सफरचंद बागायतदारांना चांगलं ठाऊक आहे. डेलिशस जातीला ७ अंशांखाली हजार-बाराशे तासांची थंडी लागते. ती मिळेना म्हणून बागा उंच उंच चढू लागल्या.

सह्याद्रीच्या पूर्व उतारावरच्या आणि पुण्याभोवतीच्या कोरड्या पानझडी रानात सूत्र पाण्याच्या हातात आहे. ऑक्टोबरनंतर जमीन वाळत जाते. पान जितकं पाणी उडवतं तितकं मूळ वर पाठवू शकत नाही, तेव्हा झाड पान टाकतं. पान पडल्यावर उडणारं पाणी जवळपास थांबतं. खोलवरची मुळं आणि खोडात साठलेलं पाणी यांच्या जोरावर फांद्या पुन्हा भरतात, आणि मग त्या निष्पर्ण फांद्यांवर पळस, पांगारा, काटेसावर, गणेर फुलतात. ऐन उन्हाळ्यात, थेंबभर पाऊस नसताना फुलं येतात याचं नवल करण्यासारखं काही नाही. पानं नसतात म्हणूनच फुलांना पाणी मिळतं. फुलं आणि पालवी कधी सोडायची याची खूण पुष्कळ जाती दिनमानावरून घेतात असं दिसतं. पुण्यात डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा आणि जूनमधला सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा. मार्चमध्ये दिवस रोज साधारण एका मिनिटाने वाढतो. ही वाढ तुम्हा-आम्हाला जाणवत नाही, झाडाला जाणवते. चैत्रपालवी पावसाच्या महिना-दोन महिने आधी फुटते ती याच खुणेवर, जेणेकरून पहिल्या सरीला पान तयार असावं.

आता यात ऊन वाढलं तर काय होतं? दिनमान बदलत नाही. ते पृथ्वीच्या आसाच्या कलण्यावर ठरतं, कर्बवायूवर नाही. बदलते ती हवेची तहान. ३५ अंशांची हवा जेवढं बाष्प सामावते त्यापेक्षा ३८ अंशांची हवा सुमारे १८ टक्के जास्त सामावते. हवेतलं प्रत्यक्ष बाष्प तेवढंच राहिलं, तर तीन अंशांच्या या वाढीने पानातून पाणी ओढण्याची तिची ताकद जवळपास पावपट वाढते. म्हणजे पानगळ लवकर सुरू होणार आणि खोलवरचं पाणीही लवकर आटणार. उथळ मुरमावरच्या झाडाचा फुलोरा त्यामुळे अलीकडे येऊ शकतो. त्याच टेकडीच्या कुशीत, ओढ्याकाठच्या खोल मातीतला त्याच जातीचा शेजारी मात्र दिनमानाची वाट पाहत थांबतो. आणि पाणी फारच कमी पडलं तर झाड फुलोरा अलीकडे आणत नाही, तो कमी करतं किंवा त्या वर्षी टाळतं. एकाच कारणाने एक झाड लवकर फुललं, दुसरं वेळेवर, तिसरं फुललंच नाही. छायाचित्र अर्थातच पहिल्याचं छापून येतं.

आंब्याचं गणित आणखी निराळं. त्याला मोहोर धरायला काही आठवडे थंड रात्री लागतात. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री उबदार गेल्या तर मोहोराऐवजी पालवीच फुटते, म्हणजे ऊन वाढल्याने तो उशिरा किंवा टप्प्याटप्प्याने मोहोरतो. ‘तापमानवाढ म्हणजे सगळं लवकर’ हे वाक्य कोकणातल्या बागायतदारापुढे म्हणून पाहावं.

दिनमान जागेवर आणि पाऊस मात्र सैरभैर, ही खरी अडचण आहे. २०२३ मध्ये मोसमी पाऊस केरळात ८ जूनला आला आणि मुंबईत २५ जूनला पोहोचला. २०२५ मध्ये तो केरळात २४ मेला आणि मुंबईत २६ मेलाच हजर. दोन वर्षांच्या अंतरात मुंबईच्या तारखेत महिन्याचा फरक, आणि घाटावरचं चित्र फारसं वेगळं नव्हतं. त्यात २०२४ हे देशातलं १९०१ पासूनचं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं आणि २०२५ चा फेब्रुवारी १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी. झाडाने दिनमानावरून ‘आता पाऊस येईल’ असा जो अंदाज पिढ्यानपिढ्या बांधला आहे, तो आता चुकू लागतो.

चुकला तर कुणाचं काय बिघडतं, हे जातीजातीवर आहे. जांभूळ घ्या. फळ मेअखेर ते जूनमध्ये पिकतं. बी ओलं असेपर्यंतच जिवंत असतं. वाळलं की मेलं. दोन-तीन आठवड्यांत ओल मिळाली नाही तर उगवणक्षमता झपाट्याने घसरते. फळ लवकर पिकून पडलं आणि पाऊस २०२३ सारखा लांबला, तर झाडाखाली बियांचा खच असूनही रोप उगवत नाही. निंबोळीचंही बरंचसं तसंच. याउलट बहाव्याच्या बीला काहीच घाई नाही. त्याचं कवच इतकं कठीण असतं की ते वर्षानुवर्षं टिकतं, आणि रोपवाटिकेत उगवण हवी असेल तर बी काचकागदावर घासावं लागतं किंवा नुकत्याच उकळून उतरवलेल्या पाण्यात टाकून रात्रभर ठेवावं लागतं. म्हणजे बहावा पंधरा दिवस अलीकडे फुलला तर बातमी होते आणि रानाचं फारसं बिघडत नाही. जांभूळ दहा दिवस अलीकडे पिकलं तर बातमी होत नाही, पण त्या वर्षीची रोपं जातात.

उंबराकडे तर फुलं दिसतच नाहीत म्हणून कुणी पाहत नाही. उंबर फोडला की आत किडे निघतात हे प्रत्येकाला माहीत आहे. ते किडे म्हणजेच त्याचं परागीभवन करणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाश्या आणि त्यांच्या सोबतीचे इतर. मादी एका उंबरातून परागकण घेऊन बाहेर पडते, तेव्हा तिच्या हाती एखाद-दोन दिवसांचं आयुष्य असतं. तेवढ्यात तिला दुसऱ्या झाडावरचं नेमक्या अवस्थेतलं कोवळं फळ गाठायचं असतं. म्हणूनच उंबराची सगळी झाडं एकदम फळत नाहीत. परिसरात वर्षभर कुठलं ना कुठलं झाड फळावर असावं लागतं. सिंगापूरमधल्या अशा माश्यांवरच्या अभ्यासात तापमान नेहमीपेक्षा तीन अंश किंवा अधिक वाढलं, की त्यांचं आयुष्य काही तासांवर आलं. एका-दोन दिवसांचा प्रवास काही तासांत उरकायचा, तर झाडं जवळ हवीत. नदीकाठचे उंबर तोडून ‘बदल्यात’ दूर कुठेतरी रोपं लावली जातात, तेव्हा हे अंतर कुणी मोजत नाही. आणि उंबर, वड, पिंपळ कोणत्या महिन्यात फळावर नव्हते, ही नोंद तर कुणाकडेच नसते. खरं तर रानात इतर फळं संपलेली असतात त्या दिवसांत धनेश, हारीत, वटवाघळं आणि भीमाशंकरचा शेकरू यांना हीच झाडं तारतात.

आंबेगाव आणि जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात हिरडा आहे. तिथल्या महादेव कोळी कुटुंबांचं वर्षाचं रोख उत्पन्न बऱ्याच अंशी बाळहिरड्यावर, म्हणजे पूर्ण न पोसलेल्या वाळवलेल्या फळावर, अवलंबून असतं. हे फळ पावसाआधी उतरवून उन्हात खडखडीत वाळवावं लागतं. वळीव रेंगाळला, गारा पडल्या, किंवा मे महिन्यातच पावसाने मुक्काम ठोकला, तर फळ गळतं आणि उतरवलेल्या मालाला बुरशी लागते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याचं केवढं नुकसान झालं आणि भरपाईसाठी किती खेटे घालावे लागले, हे त्या भागात सर्वांना आठवतं. भरपाई मागताना ‘नेहमीचा हंगाम कधी असतो’ याचा लेखी पुरावा असता, तर बोलणं सोपं झालं असतं.

आता शहरातल्या झाडांबद्दल. छायाचित्रातलं झाड बहुधा रस्त्याकडेचं असतं आणि नेमकं तेच हवामानाबद्दल बोलायला सर्वांत कुचकामी. दिव्याच्या खांबाखालच्या फांद्या पानं जास्त दिवस धरून ठेवतात, कारण त्यांच्या लेखी रात्र लहान झालेली असते. सोसायटीच्या बागेचं पाणी मुळांना मिळालं की झाडाला उन्हाळा जाणवत नाही. बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलं की पावसाळ्यातही पाणी मुरत नाही. विजेच्या तारांसाठी डिसेंबरात छाटणी झाली, तर फेब्रुवारीत कोवळी पालवी येते आणि ती छाटणीची असते, ऋतूची नव्हे. गुलमोहर मादागास्करचा, नीलमोहर दक्षिण अमेरिकेचा, टेकड्यांवर वन विभागाने मोठ्या प्रमाणात लावलेला गिरिपुष्प मध्य अमेरिकेचा. त्यांच्याही नोंदी जरूर ठेवाव्यात, पण त्यांच्यावरून सह्याद्रीच्या रानाचा निष्कर्ष काढू नये.

मग करायचं काय? पुण्याला यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. वेताळ टेकडी, तळजाई, हनुमान टेकडी इथे रोज सकाळी शेकड्यांनी माणसं चालतात. त्यांच्यातल्या दहा जणांनी आठवड्यातले दोन तास दिले तरी पुरे. पद्धत मात्र पहिल्या दिवसापासून पक्की हवी. नंतर बदलली की आधीची वर्षं वाया जातात.

जाती चार-पाचच निवडाव्यात: पळस, काटेसावर, बहावा, मोई, वावळ, आणि जवळ असल्यास जांभूळ व उंबर. प्रत्येक जातीची किमान पाच, जमल्यास दहा मोठी झाडं. सगळी दिव्यांपासून, नळापासून आणि इमारतींपासून दूर. काही उतारावरच्या मुरमात, काही ओढ्याकाठी, आणि कुठलं कुठे ते लिहिलेलं. छातीच्या उंचीला, म्हणजे १.३७ मीटरवर, घेर मोजून ठेवावा. खुणेसाठी खिळा ठोकू नये. या शहरात झाडांचे खिळे काढण्यात लोकांनी रविवार घालवले आहेत. मोबाइलवरचं स्थान पाच-दहा मीटर चुकतं, म्हणून दाट जागी स्थानासोबत बुंध्याचा फोटो आणि ‘पाण्याच्या टाकीकडून येणाऱ्या पायवाटेच्या डावीकडे, दुभंगलेल्या खोडाचं’ असं वर्णन लिहावं. दोन वर्षांनी वही दुसऱ्याच्या हाती जाते, तेव्हा याच ओळी उपयोगी पडतात.

नोंद आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. महिन्यातून एकदा ठेवली तर पळसाचा अख्खा बहर दोन नोंदींच्या मधून निसटू शकतो. प्रत्येक झाडाचा डोलारा, म्हणजे फांद्यांचा सगळा पसारा, नजरेने पाहून जुनं पान, कोवळं पान, कळी, उमललेलं फूल, कच्चं फळ, पिकलेलं फळ या सहाही गोष्टींना शून्य ते चार गुण द्यायचे. काहीच नाही तर ०, पाव डोलाऱ्यापर्यंत १, अर्ध्यापर्यंत २, पाऊण भागापर्यंत ३, त्यावर ४. शाळांना हेही जड वाटलं तर २०१० पासून देशभर चालू असलेल्या सीझनवॉच या उपक्रमाची त्याहून सोपी पद्धत आहे: नाही, थोडं, पुष्कळ. एक तृतीयांशाच्या खाली थोडं, वर पुष्कळ. सुरुवातीच्या तीन फेऱ्यांना दोघांनी एकमेकांचं न पाहता गुण द्यावेत. एका पायरीहून जास्त फरक आला, तर झाडाखाली उभं राहून भांडावं आणि ठरवून टाकावं.

शून्यही लिहायचा. सर्वांत जास्त चुका इथेच होतात. ‘फुलं नव्हती म्हणून काही लिहिलं नाही’ आणि ‘गेलोच नव्हतो म्हणून लिहिलं नाही’ यांत वहीत काहीच फरक दिसत नाही, आणि तो फरक नसेल तर बहर कधी सुरू झाला हे काढता येत नाही.

‘पहिलं फूल कधी दिसलं’ या तारखेच्या मोहात पडू नये. ती किती जण पाहतात यावर ठरते. पाच झाडं पाहणाऱ्याला जे फूल १० मार्चला दिसतं, ते पाचशे झाडं पाहणाऱ्याला २० फेब्रुवारीला दिसणारच. पाचशेत एखादं उतावळं असतंच. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, त्यामुळे ‘पहिलं फूल’ दरवर्षी अलीकडे सरकेल, हवामान बदलो न बदलो. त्याऐवजी जातीच्या निम्म्या झाडांचे गुण २ च्या वर कधी गेले ती तारीख काढावी. एखाद्या झाडाला ९ मार्चला १ आणि १६ मार्चला ३ गुण असतील, तर मध्य साधारण १२ मार्च. तो १ जानेवारीपासून मोजून ७१ वा दिवस असा लिहावा. लीप वर्षात तो ७२ वा होतो, हे विसरू नये.

ओळखण्यात फसगत होते त्या जागाही ठराविक आहेत. बहाव्याच्या काळ्या शेंगा पुढच्या बहरापर्यंत लटकत राहतात. त्या यंदाचं फळ म्हणून मोजू नयेत. वावळाला फेब्रुवारी-मार्चमध्ये जी हिरवी पालवी आल्यासारखी दिसते ती बहुधा पालवी नसते, पातळ पंखांची फळं असतात. दुर्बिणीतून मधला बीचा फुगवटा दिसतो. कुसुमाची लालभडक आणि पिंपळाची तांबूस पानं कोवळी असतात, तर देशी बदामाची लाल पानं गळायला आलेली. पळसाच्या काळपट मखमली कळ्या लांबून वाळक्या फुलांसारख्या दिसतात. मोई आणि टेंभुर्णीत नर-मादी झाडं वेगळी असतात. नराला फळ येणार नाही, तेव्हा त्यापुढे ‘यंदा फळ धरलं नाही’ असं लिहून दुष्काळाचा निष्कर्ष काढू नये!

सोबत हवेची नोंद हवी. शिवाजीनगर आणि पाषाणचे अधिकृत आकडे आहेतच, पण टेकडीवरची रात्र शहरातल्यासारखीच असेल असं नाही. सावलीत, जमिनीपासून सव्वा मीटरवर कमाल-किमान तापमापक आणि उघड्यावर साधं पर्जन्यमापक एवढं पुरतं. उपग्रहाची चित्रं मोफत मिळतात, दहा मीटर जागेचा तुकडा दर पाच दिवसांनी दिसतो. पण पावसाळ्यात ढग आड येतात, झाडाखालचं गवत हिरवं झालं तरी रान हिरवं झाल्यासारखं वाटतं, आणि कळी तर दिसतच नाही. पायपीट टळत नाही.

तीस वर्षं थांबायची तयारी नसेल, तर एक आडवाट आहे: उंची. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर, सिंहगडचा माथा १,३०० मीटरच्या आसपास. शंभर मीटरला साधारण ०.६ अंश धरले, तर गड शहरापेक्षा साडेचार अंशांनी थंड. एकाच जातीची झाडं पायथ्याला, मधल्या टप्प्यावर आणि माथ्याजवळ निवडून एकाच दिवशी नोंदवली, तर दोन-तीन वर्षांत अंदाज येतो की अंशाला किती दिवसांचा फरक पडतो. गडावर पाऊस आणि वाराही जास्त, त्यामुळे सगळा फरक तापमानाच्या खात्यावर टाकता येत नाही. पावसाचा आकडा शेजारी हवाच.

यंत्रणेकडून अपेक्षा थोड्या आहेत. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायची असते. त्यात जात, घेर, स्थान येतं. त्यातली निवडक दोनशे-तीनशे झाडं दरवर्षी पाहण्यासाठी राखून ठेवली तर खर्च नगण्य. रोपवाटिकांनी बियाणं गोळा करण्याचं वेळापत्रक छापील महिन्यावर न चालवता फळाच्या अवस्थेवर चालवावं: जांभळाचं निम्मं फळ पिकलं की गोळा करणं सुरू, गर धुऊन, उन्हात न वाळवता, दहा-पंधरा दिवसांत पिशवीत. जुलैच्या पहिल्या आठवड्यातला वनमहोत्सव फोटोंसाठी ठीक आहे, पण खड्ड्यातलं रोप तारखेवर जगत नाही. पेरणीसाठी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊ द्या असं शेतकऱ्याला सांगतात. तोच नियम रोपांना का नसावा? वणव्याचा हंगाम कागदोपत्री १५ फेब्रुवारीला सुरू होतो. पानगळ जानेवारीतच आटोपली असेल, तर जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्या, त्याआधी झाडून झालेल्या असायला हव्यात, आणि पानगळ कधी आटोपली हे सांगणारी वही वनरक्षकाकडे असायला हवी.

आपल्याकडूनही एक अपेक्षा आहे. पुढच्या फेब्रुवारीत बहाव्याचं छायाचित्र जरूर छापा. खाली झाड कुठलं, तारीख कोणती, डोलाऱ्याचा किती भाग फुलला आहे आणि ते रस्त्यावरचं आहे की टेकडीवरचं, एवढं द्या. ‘वेळेआधी’ हा शब्द तूर्त गाळलात तरी चालेल.

आपले,
पुण्यातील काही वनस्पती-अभ्यासक